अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायचंय? पुण्यातून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची वाट

पुण्यात ‘ट्रेनर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जिममध्ये डंबेल मोजणारा माणूस येतो. अ‍ॅथलेटिक ट्रेनरचं काम त्याहून वेगळं आहे. दुखापत होऊ नये म्हणून आधीपासून खटपट करायची आणि झालीच तर पहिल्या मिनिटात मैदानावर पोचून तपासायचं. खेळाडूला आत ठेवायचं की बाहेर काढायचं हे तिथल्या तिथे ठरवायचं आणि तो पुन्हा खेळायला लागेपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं. अमेरिकेत या पेशाची संघटना, एनएटीए, १९५० मध्ये उभी राहिली आणि १९९० मध्ये तिथल्या मेडिकल असोसिएशनने त्याला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे या नावाचा स्वतंत्र नोंदणीकृत पेशा नाही. हेच काम इथे स्पोर्ट्स फिजिओ, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच आणि संघाचे डॉक्टर यांच्यात वाटलं गेलेलं असतं.

म्हणून कॉलेज शोधण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढा: दहा वर्षांनी काम कुठे करायचं आहे? अमेरिकेत की पुण्यात? बरेच जण हा प्रश्न शेवटी विचारतात आणि तिथेच पैसे आणि वर्षं दोन्ही वाया जातात.

परत यायचं असेल तर पाया फिजिओथेरपीचा

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायला राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद २००२ च्या कायद्याने आली. नोंदणीसाठी फिजिओथेरपीची पदवी हवी. तुम्ही साधी बीएस्सी करून अमेरिकेतून अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगची मास्टर्स घेऊन आलात, तरी त्या जोरावर इथे ‘फिजिओ’ची पाटी लावता येत नाही. एखादी अकादमी किंवा लीगमधला संघ तुम्हाला नोकरी देईलही, पण स्वतःचं क्लिनिक उघडायचं म्हटलं की अडाल.

पुण्यात परतण्याची थोडीशीही शक्यता असेल, तर आधी बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करा. राज्यात या पदवीचे प्रवेश नीटमधून आणि सीईटी सेलच्या फेऱ्यांतून होतात. पुढे इथेच थांबायचं असेल तर स्पोर्ट्स विषयातली एमपीटीएच, म्हणजे पदव्युत्तर पदवी, हा सगळ्यात सरळ मार्ग. त्यासाठी सीईटी सेलची वेगळी पदव्युत्तर फिजिओथेरपी परीक्षा असते. शहरात शिवाजीनगरचं संचेती, पिंपरीचं डी. वाय. पाटील, भारती विद्यापीठ अशा ठिकाणी फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. मात्र अर्ज भरण्याआधी त्या वर्षी स्पोर्ट्स विषयाच्या किती जागा आहेत आणि मार्गदर्शक कोण आहेत, हे कॉलेजात जाऊन विचारा. विषय माहितीपत्रकात छापलेला असतो आणि त्या वर्षी जागा नसते, असंही होतं. कॉलेजकडून खेळाडूंच्या छावण्यांत आणि स्पर्धांत प्रत्यक्ष ड्युटी लागते का, हेही विचारा. दोन वर्षं फक्त ओपीडीत गुडघे शेकणारा मैदानावर उभा राहिला की गांगरतो.

खेळाच्या शिक्षणाची दुसरी वाट शारीरिक शिक्षणातून जाते. गुलटेकडीचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय बीपीएड-एमपीएडसाठी जुनं आणि नावाजलेलं. बालेवाडीत महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठही आहे. या वाटेने प्रशिक्षक, फिटनेस तज्ज्ञ, क्रीडाशास्त्राचे अभ्यासक तयार होतात. उपचार करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तो फरक घरच्यांनाही समजावून सांगा, नाहीतर “मुलगा स्पोर्ट्सचा डॉक्टर होतोय” असं सगळ्या सोसायटीत सांगून झालेलं असतं.

अमेरिकेला जायचंच ठरलं तर

तिथे आता प्रवेशाचा मार्ग एकच उरला आहे, मास्टर्सचा. पूर्वी पदवी पातळीवरही हा कोर्स व्हायचा. २०२२ च्या फॉल (ऑगस्टच्या सुमाराच्या) सत्रानंतर पदवी पातळीवर नवे विद्यार्थी घेणं बंद झालं. कोर्स साधारण दोन वर्षांचा असतो. मान्यता देणारी संस्था सीएएटीई आणि परीक्षा घेणारी संस्था बीओसी. सीएएटीईची मान्यता नसलेल्या कोर्समधून उत्तीर्ण झालात, तर बीओसीच्या परीक्षेला बसताच येत नाही. परीक्षा नाही तर लायसन्स नाही, आणि कॅलिफोर्निया वगळता बाकी राज्यांत या पेशावर सरकारी नियमन आहे.

कोर्सच्या नावावरून फसणारे पुष्कळ. तीन सापळे लक्षात ठेवा.

पहिला म्हणजे ‘पोस्ट-प्रोफेशनल’ मास्टर्स किंवा डॉक्टरेट. हे कोर्स आधीच प्रमाणित झालेल्या ट्रेनरसाठी असतात. नवख्याला हवा तो ‘प्रोफेशनल’ कोर्स. आपल्या कानाला ‘पोस्ट’ लावलेलं जास्त भारी वाटतं, पण इथे ते नको.

दुसरा, किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) किंवा एक्सरसाइज सायन्सची मास्टर्स. विषय जवळचा, फीही कधी कमी, पण तिच्यावर बीओसीचं दार उघडत नाही. एजंट हमखास हीच गळ्यात मारतात, कारण इथे प्रवेश सोपा मिळतो.

तिसरा, मान्यतेची सध्याची स्थिती. सीएएटीईच्या संकेतस्थळावर प्रत्येक कोर्सपुढे ती लिहिलेली असते. ‘प्रोबेशन’ असेल किंवा संस्था स्वतःहून मान्यता सोडणार असेल, तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथेच त्या कोर्सचे किती विद्यार्थी बीओसी परीक्षा पहिल्या प्रयत्नात पास झाले, हेही कळतं. सीएएटीईच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांची एकत्रित सरासरी किमान ७० टक्के असायला हवी. ७१ आणि ९५ यांत फरक आहे, तो बघा. शिवाय तुकडी किती जणांची होती तेही बघा. सहा जणांच्या तुकडीत एक जण नापास झाला तरी टक्केवारी धाडकन खाली येते.

आधीचे विषय: पुण्याची मुलं इथेच अडकतात

सीएएटीईच्या निकषांनुसार प्रवेशाआधी बारावीनंतरच्या पातळीवर जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे विषय झालेले असावे लागतात. आपल्या बीपीटीएचमध्ये अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी नीट होतं. गाडी अडते ती फिजिक्स-केमिस्ट्रीवर. हे दोन्ही विषय आपण बारावीत शिकलेलो असतो आणि बारावी तिथे चालत नाही. बीपीटीएचमधलं बायोमेकॅनिक्स फिजिक्स म्हणून आणि बायोकेमिस्ट्री केमिस्ट्री म्हणून चालेल का, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं.

करायचं काय? अर्जाच्या किमान वर्षभर आधी प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, तासांसकट, कॉलेजच्या शिक्क्यासह पीडीएफ करून कोर्सच्या संचालकांना ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. “चालेल बहुतेक” असं एजंट म्हणाला, याला काही अर्थ नाही. नाही म्हणाले तर मान्यताप्राप्त अमेरिकन कम्युनिटी कॉलेजचा क्रेडिट असलेला ऑनलाइन कोर्स करता येतो. फक्त प्रयोगशाळेचा भाग हवा का, ते आधी विचारा. अनेक जण बिनप्रयोगाचा कोर्स करतात आणि तो पुन्हा करावा लागतो.

बीएस्सीवाल्यांपुढे आणखी एक अडचण असते, ती तीन वर्षांच्या पदवीची. अमेरिकेतली पदवी चार वर्षांची, त्यामुळे काही विद्यापीठं आपली तीन वर्षांची पदवी पूर्ण धरत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणातला चार वर्षांचा ऑनर्स पर्याय घेतला असेल तर प्रश्न मिटतो. साडेचार वर्षांच्या बीपीटीएचला ही अडचण येत नाही.

कागदपत्रांचा फेरा

मुख्य अर्ज एटीसीएएस या एकत्रित यंत्रणेतून जातो. एकदा माहिती भरली की ती अनेक कोर्सना पाठवता येते. यंत्रणेत नसलेल्या काही संस्था थेट अर्ज घेतात. कोर्स सुरू होण्याच्या आधीच्या वर्षीच्या पावसाळ्यात कामाला लागलात तर धावपळ होत नाही. आणि तारीख नीट वाचा, कारण यातले बरेच कोर्स ऑगस्टऐवजी मे-जूनमध्ये सुरू होतात. ऑगस्ट धरून व्हिसाची मुलाखत ठरवलेल्यांची पहिली अ‍ॅनाटॉमी लॅबच चुकते.

ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्राचं, नियोजन आपल्या विद्यापीठावर अवलंबून असतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात शिकला असाल तर कारभार नाशिकचा. अभिमत विद्यापीठात असाल तर त्यांच्याच परीक्षा विभागातून. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे असाल तर गणेशखिंडीतून. सगळीकडे एकच सल्ला: प्रत्येक वर्षाच्या मूळ गुणपत्रिका जवळ ठेवा, त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते पाहा. आईचं नाव मध्ये आलेलं, आडनाव पुढे आलेलं, स्पेलिंगमधला एक ‘ए’ जास्त, इतक्यावरून परदेशी पदव्या तपासणारी मूल्यांकन संस्था फाइल बाजूला ठेवते. दुरुस्तीला जाणारे आठवडे आधीच धरून चला.

शिफारसपत्रं साधारण दोन-तीन लागतात. ती लिहिणाऱ्याचा ईमेल संस्थेचा असावा, जीमेलवरून आलेल्या पत्राबद्दल तिकडे शंका येते. आणि “हा विद्यार्थी कष्टाळू व शिस्तप्रिय आहे” छापाचं पत्र घेऊ नका. सरांना एक पान टिपण द्या, त्यात तुम्ही कुठल्या स्पर्धेत किती दिवस ड्युटी केली, कुठली केस हाताळली हे लिहा, म्हणजे त्यांनाही लिहायला हाताशी काहीतरी असेल.

निरीक्षणाचे तास

पुष्कळ कोर्सना अर्जाबरोबर निरीक्षणाच्या तासांचा दाखला लागतो. आकडा संस्थेनुसार बदलतो. अट मात्र बहुधा अशी असते की निरीक्षण प्रमाणित अ‍ॅथलेटिक ट्रेनरच्या हाताखाली झालेलं असावं. पुण्यात असा माणूस शोधायला गेलात तर चपला झिजतील. म्हणून तास भरायला सुरुवात करण्यापूर्वीच विचारा: स्पोर्ट्स फिजिओ किंवा क्रीडावैद्यक डॉक्टर यांच्या हाताखालचे तास धराल का? परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक ठिकाणी सवलत मिळते, पण ती मागावी लागते.

तास कुठे भरायचे याला पुण्यात तोटा नाही. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं. डिसेंबरातली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आहे. शाळा-कॉलेजच्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धा थंडीभर चालू असतात. आणि तालमी विसरू नका. मातीवरच्या आणि मॅटवरच्या कुस्तीत खांदा निखळणं, कान सुजून फुगणं, गजकर्णाची साथ पसरणं हे सगळं जवळून दिसतं. वस्तादांना आधी भेटून परवानगी घ्या, पैलवानांच्या मध्येमध्ये फोटो काढत फिरू नका.

वहीत तारीख, खेळ, काय पाहिलं आणि त्यावर काय निर्णय झाला अशा चार रकान्यांत रोज लिहा. मुलाखतीत तेच विचारतात.

जाण्याआधी हात बसवा

दोन गोष्टी इथूनच शिकून गेलात तर पहिलं सत्र सोपं जाईल.

एक, घोट्याचं टेपिंग. सर्जिकल सामानाच्या दुकानातून ३.८ सेंटीमीटर रुंदीची, न ताणणारी झिंक ऑक्साइड टेप आणि फोमची पातळ प्रीरॅप आणा. खेळाडूचा पाय टेबलाच्या कडेबाहेर, पाऊल बरोबर ९० अंशांत. खेळाडू गप्पांच्या नादात पाऊल सैल सोडतो आणि टेप त्याच स्थितीत बसते, म्हणून दर पट्टीआधी पाऊल बघायचं. टाचेमागे आणि पावलाच्या वरच्या घडीवर थोडं व्हॅसलिन लावलेला पॅड, मग प्रीरॅप. पोटरीच्या खालच्या भागात आणि पावलाच्या मध्यावर आधाराच्या पट्ट्या. मग आतल्या घोट्याकडून टाचेखालून बाहेरच्या घोट्याकडे ओढलेल्या तीन रिकिबी (इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या पट्ट्या), प्रत्येक आधीच्या पट्टीवर निम्मी चढलेली. नंतर टाच बांधणारे फेरे दोन्ही बाजूंनी, आठाच्या आकाराचा फेरा आणि शेवटी उघड्या जागा झाकणाऱ्या पट्ट्या.

चुकतं कुठे? सुरकुती पडली की अर्ध्या तासात फोड. पट्ट्यांमध्ये फट राहिली की तिथली कातडी चिमटते. पावलावरची पट्टी घट्ट आवळली तर खेळाडू बसलेला असताना तक्रार करत नाही, उभा राहिला की पाऊल पसरतं आणि करंगळीच्या बाजूचं हाड दुखायला लागतं. म्हणून टेपिंग झाल्यावर त्याला उभं करून चालायला लावा, बोटाचं नख दाबून सोडा, रंग लगेच परत आला पाहिजे. टेप कात्रीने कापायची नाही, दोन बोटांनी झटक्यात फाडायची. नवख्याला आठवडाभर हेच जमत नाही. सरावलेला हात एक घोटा दोन-तीन मिनिटांत बांधतो.

दुसरी गोष्ट उष्माघाताची. मार्च-एप्रिलच्या उन्हात सराव करणारा मुलगा अडखळायला लागला, उलटसुलट बोलायला लागला, तर आपल्याकडे त्याला सावलीत बसवून कांदा हुंगवतात नाहीतर साखर-पाणी पाजतात. इथे जीव वाचतो तो थंड पाण्याने. श्रमामुळे झालेल्या उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४०.५ अंश सेल्सियसच्या वर जातं आणि भान हरपायला लागतं. आतलं तापमान गुदद्वारातूनच खरं कळतं, कपाळावर धरायचा किंवा काखेतला थर्मामीटर इथे फसवतो. नियम असा: आधी थंड करा, मग हलवा. बर्फ टाकलेल्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवायचं, काखेखालून टॉवेल घालून धरून ठेवायचं म्हणजे डोकं बुडत नाही, पाणी सतत ढवळायचं, नाहीतर अंगाभोवतीचं पाणी कोमट होऊन बसतं. तापमान ३८.९ अंशांपर्यंत आलं की बाहेर. हे सगळं कोसळल्यापासून ३० मिनिटांत व्हायला हवं. १०८ ला फोन लगेच करायचा, पण गाडी येईपर्यंत टब थांबत नाही. सरावाच्या ठिकाणी टब आणि बर्फ आधीपासून भरून ठेवणं, फाटकाची किल्ली कोणाकडे आहे हे ठाऊक असणं, रुग्णवाहिका कुठल्या दाराने आत येणार हे ठरवणं, याला आपत्कालीन कृती आराखडा म्हणतात आणि त्यावर परीक्षेत प्रश्न येतात.

तिथे गेल्यावरचे खर्च आणि खाचखळगे

आय-२० (विद्यापीठाकडून येणारं, व्हिसासाठी लागणारं प्रवेशपत्र) हातात आल्यावर सेविसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी भरून व्हिसाचा अर्ज करायचा. आय-२० वर लिहिलेला पहिल्या वर्षाचा खर्च बँकेत किंवा कर्जमंजुरीपत्रात दिसायला हवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि या कोर्समध्ये तेवढा वेळसुद्धा मिळत नाही. सकाळी वर्ग, दुपारपासून संघाबरोबर, शनिवारी सामना. “तिकडे गेल्यावर काहीतरी काम करून फी भरू” हे गणित इथे बसत नाही. असिस्टंटशिपही (विद्यापीठातल्या कामाच्या बदल्यात फीत सूट किंवा मानधन) या प्रकारच्या मास्टर्सला कमीच मिळते.

प्रत्यक्ष प्रशिक्षणात किमान एक टप्पा सलग चार आठवडे पूर्ण वेळ असावा लागतो, तेव्हा तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत संघाचेच. बाकीची ठिकाणं आसपासच्या हायस्कुलांत, क्लिनिकांत विखुरलेली असतात. पीएमपीएमएल कशीही असली तरी आहे, तिथल्या अनेक गावांत बसच नाही. गाडी लागणार हे धरून चला आणि प्रवेशाआधी विचारा की कुठलं ठिकाण कॅम्पसपासून किती मैल. जाण्यापूर्वी इथेच गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस-बी या लसींचे पुरावे, क्षयाची तपासणी आणि आरोग्यसेवकांसाठीचं बीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचं) प्रमाणपत्र करून घ्या. लहानपणचं लसीकरणाचं कार्ड हरवलं असेल तर रक्ताची अँटिबॉडी चाचणी चालते. हे पुरावे पूर्ण झाल्याशिवाय मैदानावर उतरू देत नाहीत.

परीक्षा आणि नंतर

शेवटच्या सत्रात कोर्स-संचालकांच्या संमतीने बीओसीचा अर्ज करता येतो. परीक्षा १७५ प्रश्नांची, चार तासांची, संगणकावर. प्रश्न पाठांतराचे कमी आणि प्रसंगाचे जास्त: खेळाडू पडला, अमुक दिसतंय, आता पहिलं काय कराल? आपल्याकडची मुलं घोट्याचे अस्थिबंध घडाघडा म्हणतात आणि “आता एक्स-रेला पाठवायचं का” यावर अडखळतात. त्यासाठी ओटावा नियम अंगवळणी पडायला हवेत: घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये दाबल्यावर दुखतं का, पाचव्या मेटाटार्सलच्या (करंगळीकडच्या लांब हाडाच्या) बुडाशी किंवा नॅव्हिक्युलरवर (पावलाच्या आतल्या बाजूच्या हाडावर) दुखतं का, चार पावलं टाकता येतात का. डोक्याला मार लागला असेल, कन्कशनची शंका असेल, तर त्या दिवशी परत खेळायला सोडायचं नाही. प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी याचं उत्तर बदलत नाही.

पास झाल्यावर ज्या राज्यात काम करायचं त्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. पदवीनंतर तिथे काम करू देणाऱ्या परवानगीची, म्हणजे ओपीटीची, मुदत १२ महिन्यांची, आणि लायसन्सची प्रक्रिया त्यातलेच आठवडे खाते. त्यामुळे परीक्षा पदवीदानाआधी उरकलेली बरी.

पुण्यात परतलात तरी बीओसीचं प्रमाणपत्र चालू ठेवता येतं. त्यासाठी दर दोन वर्षांच्या चक्रात ५० शैक्षणिक गुण जमवावे लागतात आणि बीएलएसची मुदत मध्ये संपू द्यायची नाही.